तमादाची वेगळी सुरई

जुंबेर गुरांचा डॉक्टर. गेली तीस वर्षं जॉर्जियातल्या अलाझानी नदीच्या खोऱ्यातल्या सात गावांतल्या गाई, म्हशी, डुकरं त्याच्या हातून मुकाट्याने औषध घेत आलेली. हे कशाचं औषध, ते कोणी शोधलं आणि देण्यात तुझा काय फायदा, असं त्यांतल्या एकीनेही त्याला कधी विचारलं नव्हतं. जुंबेरने मात्र तेलावीच्या दवाखान्यात खुर्चीवर टेकल्या टेकल्या हे तिन्ही प्रश्न विचारून टाकले.

मुळात त्याला तिथे फसवून आणलं होतं. बायको लमारा म्हणाली होती, माझे गुडघे दाखवायचेत, गाडी काढ. दारावरची पाटी वाचल्यावर त्याच्या मनात पाल चुकचुकली. गुडघ्यांचा आणि मनाच्या आजारांचा संबंध काय, असं तो विचारेपर्यंत लमाराने त्याला आत ढकललं होतं आणि स्वतः दाराला पाठ लावून उभी राहिली होती. गुडघे चांगले ठणठणीत होते तिचे.

डॉक्टर खातुना चाळिशीची बाई, आवाज एकदम मऊ. जुंबेरला पहिला संशय त्या आवाजाचाच आला. गाईला मोठी सुई टोचण्याआधी तोही असाच मऊ बोलायचा.

"झोप कशी आहे, बातोनो जुंबेर?" तिने आदराने विचारलं.

"आहे."

"पहाटे चारला जागा होतो," लमारा दारातून म्हणाली. "मग छताकडे बघत पडतो. ताटातलं अर्धं टाकतो. दोन महिने झाले, द्राक्षमळ्यात पाऊल नाही. मागे गावातल्या बेसोची गाय अडली, तर हा त्याच्या दारात गाडी लावून आत बसून राहिला. उतरेचना."

"ती गाय वाचली," जुंबेर म्हणाला.

"बेसोने वाचवली."

"सकाळी उठल्यावर काय वाटतं?" बाईने विचारलं.

"उगाच उजाडलं, असं वाटतं."

"आपण नसलेलंच बरं, असंही वाटतं का कधी?"

जुंबेरने लमाराकडे पाहिलं. लमारा फरशीकडे बघत होती. "विचार येतो," तो म्हणाला. "करत काही नाही. करणारही नाही." हे वाक्य त्याने आजवर कोणापुढेही उच्चारलं नव्हतं.

बाई लिहायला लागली, तसा तो सावध झाला. "हे कुठल्या वहीत चढतंय?"

जुन्या सोव्हिएत राजवटीत त्याच्या मामाचं नाव मनोरुग्णांच्या अशाच एका सरकारी वहीत चढलं होतं. पुढे मामाला गाडी चालवायचा परवाना मिळाला नाही, आणि मामाच्या पोरीची दोन स्थळं बोलणी होऊन फिरली. जुंबेर तेव्हा नऊ वर्षांचा होता, पण घरातली ती कुजबूज त्याला अजून ऐकू यायची.

"ती वही बंद होऊन तीस वर्षं झाली."

"वह्या बंद होत नाहीत, बाई. फक्त कपाट बदलतात."

बाई हसली नाही, चिडलीही नाही. इथलं कोणालाही दाखवणार नाही, म्हणाली, आणि औषध समजावून सांगायला लागली. पहिला आठवडा रोज सकाळी खाऊन अर्धी गोळी, मग पूर्ण. सुरुवातीला मळमळेल, ते जाईल. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतील. नुसत्या गोळीवर भागायचं नाही, दर गुरुवारी इथल्या समुपदेशकाकडे, शाल्वाकडे येऊन तासभर बोलायचं. रोज अर्धा तास चालायचं, ठरल्या वेळी झोपायचं आणि उठायचं.

"आणि वाइन किती घेता?"

"मी तमादा आहे," जुंबेर म्हणाला. पाद्र्याने आपण पाद्री आहोत हे सांगावं, तसं त्याने सांगितलं.

बाईने पेन खाली ठेवलं. तमादा म्हणजे काय हे तिला सांगायची गरज नव्हती. मेजवानीला तमादा उठून बोलल्याशिवाय कोणी पेला ओठाला लावत नाही. देवासाठी, नव्या जोडप्यासाठी, आईबापांसाठी, गेलेल्यांसाठी, एकेका पेल्यामागे तो बोलतो, आणि बोलून झालं की सगळ्यांत आधी स्वतः पेला रिकामा करतो. पंचवीस-तीस पेले झाले तरी त्याची जीभ अडखळता कामा नये. सातही गावांत जुंबेरइतका चांगला तमादा नव्हता, आणि हे तो स्वतःही नम्रपणे मान्य करायचा.

"सध्या वाइन बंद," बाई म्हणाली. "या गोळीबरोबर नको, आणि या आजारात तर नकोच."

"ऑक्टोबरात माझ्या पुतण्याचं, गिगाचं लग्न आहे. त्याचा बाप, माझा भाऊ मालखाज, दोन वर्षांपूर्वी गेला. तमादा मीच."

"अजून सहा आठवडे आहेत. बघू."

जुंबेर पुढे झुकला. खरी भीती आता बाहेर आली. "तुम्ही माझं दुःख काढून घ्याल. त्याच्याबरोबर शब्दही जातील. डोळ्यांतलं पाणी जाईल. मग लग्नात मालखाजच्या नावाने मी काय बोलू? सगळं छान आहे म्हणून?"

"तसं व्हायला लागलं तर मला सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. पण आपल्या मनाने बंद करायचं नाही. हे मी तुम्हाला काय सांगणार, तुम्हीही डॉक्टरच आहात."

ही गोड बोलून गळ्यात मारतेय, असं वाटून जुंबेर गोळ्यांचा डबा घेऊन उठला.

पहिल्या आठवड्यात मळमळलं. बाईने तसं आधीच सांगितलं होतं, म्हणून त्याचा संशय वाढलाच. आधीच माहीत होतं म्हणजे मुद्दामच करतात. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण गोळी सुरू झाली. लमारा न्याहारीला समोर बसायची आणि त्याच्या गळ्याची घाटी हलेपर्यंत नजर काढायची नाही. जुंबेर गोळी जिभेखाली दाबायचा, पाणी प्यायचा, मिशा पुसायचा आणि व्हरांड्यात जाऊन जिरेनियमच्या कुंडीत थुंकायचा. चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी उठताना त्याला गरगरलं, डोक्यात वीज चमकल्यासारखं झालं, आणि तो दार धरून उभा राहिला.

लमारा कुंडी घेऊन आली. मातीवर चार गोळ्या ओळीने फुगलेल्या.

"बेसोच्या गाईला पाच दिवसांचं औषध दिलंस. त्याने तिसऱ्या दिवशी थांबवलं, तेव्हा चारचौघांत त्याला काय म्हणालास?"

"गाईची गोष्ट वेगळी."

"वेगळीच आहे. गाय शहाणी असते. ती कुंडीत थुंकत नाही." एवढं म्हणून लमारा रडायला लागली. कुंडी तिच्या हातातच होती. "मी रात्री तुझा श्वास मोजते, जुंबेर. दोन महिने मोजतेय. मला आता मोजवत नाही."

त्या दिवसापासून तो गोळी गिळायला लागला. विश्वास बसला म्हणून नव्हे, तिचं ते वाक्य ऐकवलं नाही म्हणून. लमारानेच बाईला फोन लावला. बाईच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा अर्ध्यापासून सुरुवात झाली आणि मग पूर्ण गोळी.

चालण्याचं वेगळंच झालं. त्यांच्या गावात काम नसताना माणूस चालत नाही. काम असलं तरी गाडीने जातो. पहिल्याच सकाळी तीन जणांनी दारात येऊन विचारलं, गाडी बिघडली का? दुसऱ्या दिवशी म्हातारी नाझिब्रोला कुंपणावरून म्हणाली, "कोणाचं ढोर मेलं रे?" लोकांची तोंडं बंद करायला तिसऱ्या दिवसापासून जुंबेर औषधांची बॅग घेऊन निघाला, आणि तिथेच चुकला. गुरांचा डॉक्टर रोज सकाळी बॅग घेऊन प्रत्येक गोठ्यावरून जातो, थांबत नाही, बोलत नाही, आणि चेहरा असा उतरलेला. आठवड्यात गावभर झालं की लाळ-खुरकुताची साथ आलीय आणि सरकारने जुंबेरला तोंड बंद ठेवायला सांगितलंय. लोकांनी फाटकांसमोर चुना टाकला. बेसोने आपल्या गाई रातोरात सासुरवाडीला पाठवून दिल्या.

"नाही रे बाबा साथ!" जुंबेर रस्त्यात उभा राहून ओरडला.

"बरोबर आहे, तू तसंच म्हणणार," बेसो म्हणाला आणि त्याने समजूतदारपणे डोळा मारला.

गुरुवारचा शाल्वा तर आणखीच संशयास्पद. पस्तिशीचा बारीक माणूस, समोर बसायचा आणि बोलायचाच नाही. मेजवानीत जो माणूस गप्प बसतो त्याच्यावर लक्ष ठेवायचं, हे जुंबेर बापाकडून शिकला होता. हा तर तासभर गप्प. मग ती शांतता भरून काढायला जुंबेरच बोलायचा, आणि चांगलं बोलायचा. मालखाजचं मन, मालखाजचे हात, मळ्यात छाटणी करता करता कोसळलेला मालखाज.

तिसऱ्या गुरुवारी शाल्वा म्हणाला, "एक विचारू? भावाबद्दल बोलताना तुम्ही उभे राहता."

जुंबेरने खाली पाहिलं. तो खरोखरच उभा होता. उजवा हात पेला धरल्यासारखा छातीजवळ.

"बसून सांगा ना."

जुंबेर बसला. तोंड उघडलं. बसल्याजागी मालखाजबद्दल सांगायला त्याच्याकडे एकही शब्द नव्हता. मग शाल्वाने विचारलं, "शेवटचं कधी रडलात?"

"तुमच्या गोळ्या सुरू झाल्यापासून नाही!" जुंबेरला हवा तो मुद्दा सापडला.

"आणि त्याआधी?"

मालखाजच्या मयताच्या जेवणाला चारशे माणसं होती. जुंबेरने त्याच्या नावाने असं काही बोलून दाखवलं की दगडाला पाझर फुटावा. बायका रुमालात तोंड खुपसून हुंदके देत होत्या, पुरुष आकाशाकडे बघत होते. पोलिसांचा प्रमुख रडला. जुंबेर रडला नव्हता. त्याला तेव्हा पुढचं वाक्य जुळवायचं होतं. त्यानंतरही नाहीच.

त्या दिवशी तो ताडकन उठून निघून आला. बाई आणि हा शाल्वा आतून एक आहेत, गोळीवर आळ येऊ नये म्हणून मलाच कोंडीत पकडतायत, अशी त्याची खात्री पटली. घरी येऊन त्याने लमाराला हे सांगितलं. ती म्हणाली, बरं. आणि जेवायला वाढलं.

पाचव्या आठवड्यात एकदा जेवताना टोमॅटोची कोशिंबीर संपली आणि त्याने आणखी मागितली. मागून झाल्यावर तो दचकला. "यात काय घातलंयस?" त्याने लमाराला विचारलं. तिने दरवेळी घालते तेच घातलं होतं, अक्रोडाचं कूट आणि कोथिंबीर. तरी त्याने ताट उचलून वास घेतला.

लग्न आठवड्यावर आलं. त्याने हिशोब मांडला: चार दिवस गोळी बंद, पाचव्या दिवशी मेजवानी, सहाव्या दिवशी परत सुरू. लमाराने हातातली कढई खाली ठेवली. "पुन्हा गरगरून पडायचंय? भर मांडवात? मग गावाला कळायला वहीची गरजच नाही."

"मग नाही म्हणू? गिगाला बाप नाही. काकाही बोलायला उभा राहिला नाही, तर लोक कारण विचारतील. आणि कारण एकदा सुटलं की थेट मुलीकडच्यांपर्यंत जाईल."

"तू उभा राहा. मी बघते."

मळ्यातली तोडणी नुकतीच संपली होती, अंगणात मोठ्या कढईत द्राक्षांचा रस आटत होता. त्या आटवलेल्या रसाला बदागी म्हणतात. अक्रोडांच्या माळा त्यात बुडवून मुलांसाठी मिठाया करतात. लमाराने थोडी बदागी पाण्यात पातळ केली, पेल्यात ओतली आणि उजेडात धरली. रंग हुबेहूब वाइनचा, तसाच काळपट लाल.

"तुझी सुरई वेगळी ठेवीन," ती म्हणाली. "तमादाची म्हणून."

जुंबेरचा चेहरा पडला. पाण्याने किंवा सरबताने शुभेच्छा द्यायच्या नसतात. ज्याचं वाईट चिंतायचं त्याच्यासाठी तसला पेला उचलतात, हे त्यांच्याकडे लहान पोरालाही माहीत. पण दुसरी वाट दिसत नव्हती. त्याने मान हलवली, आणि लमारानेही त्याच्याकडे न बघता कढई ढवळायला घेतली.

लग्नाच्या दिवशी दुपारी अंगणात ताडपत्रीखाली लांबच लांब टेबलं लागली. दोनशे माणसं. गिगा आणि त्याची नवरी नुत्सा मधोमध, त्यांच्या डावीकडे जुंबेर, आणि जुंबेरला अगदी लागून नवरीचा मामा बद्री.

बद्री सीमेवरच्या जकात नाक्यावर अठ्ठावीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला. ट्रक नुसता जवळून गेला तरी आत काय लपवलंय ते सांगायचा म्हणे. त्याचे डोळे माणसाकडे बघायचे नाहीत, माणसाच्या सामानाकडे बघायचे. बसता बसताच त्याने विचारलं, "व्याहीबुवा, ही सुरई तुमच्या एकट्याची?"

"तमादाचा मान," लमारा मागून म्हणाली आणि झटकन निघून गेली.

जुंबेर उठला. देवासाठी बोलला, शांततेसाठी बोलला, नव्या जोडप्यासाठी बोलला. शब्द होते. तेच, पूर्वीसारखे, आपोआप येणारे. लोक वा वा करत होते. प्रत्येक पेल्यानंतर त्याच्या जिभेवर गोड, गुळमट चव बसायची आणि तो मिशा पुसायचा. नुत्साची आई त्याच्याकडे बघून डोळे पुसत म्हणाली, "किती मनापासून बोलता हो!" जुंबेरला ते काट्यासारखं टोचलं.

आठव्या पेल्यानंतर बद्री त्याच्याकडे वाकला. "रंग नाही चढला तुमच्या चेहऱ्यावर."

"सवय आहे."

"हां." बद्रीने सुरईकडे पाहिलं. मग बोटाने दाखवत म्हणाला, "आणि त्यांनाही सवय दिसते."

जुंबेरच्या सुरईवर सात-आठ गांधीलमाश्या घिरट्या घालत होत्या. एक तोंडाशी बसून आत उतरत होती. टेबलावर वाइनच्या चाळीस सुरया होत्या. बाकी एकीवरही माशी नव्हती.

"माझ्याही पेल्यात पडू दे ना त्यातली," बद्रीने पेला पुढे केला.

जुंबेरने सुरई आपल्याकडे ओढली. आणि त्याच्या तोंडून जे निघायला नको होतं तेच निघालं. "ही वाटायची नाही. मालखाजच्या हातची शेवटची वाइन आहे. एवढीच उरलीय."

बद्रीचा हात जागीच थांबला. त्याने डोक्यावरची टोपी काढली. "माफ करा," तो म्हणाला. शेजारच्याने ते ऐकलं, त्याने पुढच्याला सांगितलं, आणि पाच मिनिटांत टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचलं की तमादाच्या सुरईत मालखाजची वाइन आहे. मग बद्रीच उठला आणि मोठ्याने म्हणाला, "मंडळी, आता गेलेल्यांचा पेला यायचाय. त्या पेल्याला मालखाजच्या वाइनचा एकेक थेंब सगळ्यांच्या पावावर पडावा, असं मला वाटतं. तमादाची हरकत नसेल तर."

गेलेल्यांच्या पेल्याला पेले एकमेकांवर आपटत नाहीत. सगळे उभे राहतात, पावाचा तुकडा हातात घेतात आणि त्यावर वाइनचा थेंब सोडतात. तो थेंब गेलेल्या माणसाचा. दोनशे माणसं उभी राहिली. दोनशे हातांत पाव. सगळ्यांत पुढे गिगा आला, तुकडा तळहातावर धरून.

"काका," तो हळूच म्हणाला, "बाबांची वाइन उरली होती? मला कधीच सांगितलं नाहीस." त्याचे डोळे भरून आले होते. आनंदाने.

जुंबेरने सुरई उचलली. तिरकी केली. तोंडाशी रस आला आणि एक गांधीलमाशी उडाली. हात पुढे जाईना. जिवंत माणसांना फसवून झालं होतं, दोनशेंना, आठ वेळा. पण मालखाजला सरबत पाजायला त्याचा हात होईना. मालखाज द्राक्षाची नुसती साल चावून ते कुठल्या उतारावरच्या मळ्यातलं ते सांगायचा.

"गिगा," तो म्हणाला, "ही तुझ्या बापाची नाही. ही वाइनच नाही. पातळ केलेली बदागी आहे. दुपारपासून मी तीच पितोय."

आधी कोणाला कळलंच नाही. मग नाझिब्रोला म्हातारीने छातीवर क्रुसाची खूण केली. "अरे देवा! पोरांना सरबताने आशीर्वाद दिलास?" नुत्साच्या आईने पेला खाली ठेवला. मागून कोणीतरी म्हणालं, "शत्रूला देतात तसा?" आणि मुलीकडच्या बाजूला खुर्च्या सरकल्याचे आवाज व्हायला लागले. नुत्सा गिगाकडे बघत होती, गिगा काकाकडे.

जुंबेरने छातीशी हात नेला, वाक्य शोधलं. सापडलं, चांगलं, गोल, दगडाला पाझर फोडणारं. ते त्याला स्वतःलाच ओळखू आलं. तो खाली बसला.

गेलेल्यांच्या पेल्याला दोनशे माणसं उभी असताना तमादा बसला, असं त्या खोऱ्यात कोणी पाहिलं नव्हतं.

"मी आजारी आहे," तो बसूनच म्हणाला. आवाज लहान होता, मागच्यांना ऐकू जायला गप्प व्हावं लागलं. "साथबीथ काही नाही. मलाच आहे. सकाळी उठवत नाही. जगावंसं वाटत नव्हतं. तेलावीच्या डॉक्टरकडे जातो, रोज गोळी घेतो, म्हणून वाइन बंद आहे. चालायला सांगितलंय म्हणून चालतो. मला लाज वाटली म्हणून हे सगळं." मग त्याने गिगाकडे पाहिलं. "तुझा बाप पडला त्या दिवशी सकाळी त्याने मला बोलावलं होतं. छाटणीला ये म्हणाला. मी म्हटलं, उद्या येतो. एवढंच. दोन वर्षं झाली, मी उद्या येतो म्हणून बसलोय."

यानंतर त्याला बोलता आलं नाही. तोंड वेडंवाकडं झालं आणि तो रडायला लागला, नाक गळत, आवाज करत, लहान पोरासारखा. पुढचं वाक्य नव्हतं. रडता रडता डोक्याच्या एका कोपऱ्यात त्याचा संशय अजून जागा होता: हे माझं आहे की गोळीचं? आणि तिथेच त्याला शाल्वाचा चेहरा दिसला, आणि त्याने तो विचार सोडून दिला. गिगाने पाव टेबलावर ठेवला आणि काकाच्या खुर्चीशी खाली बसून त्याचे खांदे धरले.

बद्री पुढे आला. त्याने सुरई घेतली, वास घेतला, एक घोट पाहिला. "बदागीच," तो म्हणाला. अठ्ठावीस वर्षांची सवय. मग आपली सुरई उचलून त्याने गिगाच्या पावावर थेंब सोडला. "मालखाजचा. हा खरा आहे."

नुत्साच्या आईने विचारलं, "आणि पोरीचा आशीर्वाद?"

"तो परत होईल," बद्री म्हणाला. "पहिल्यापासून. शब्द तमादाचे, पेला माझा. ते बोलतील, मी पिईन. याला कोणाची हरकत?"

दोनशे माणसांना आठही पेले पुन्हा प्यावे लागणार होते. हरकत कोणीच घेतली नाही. बेसो तर मोठ्याने म्हणाला की त्याला पहिल्यापासूनच काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

जुंबेर बसूनच बोलला. शब्द तुटक होते, कधी कधी संपूनच जायचे, आणि मग लोक वाट बघायचे. नुत्साला तो म्हणाला, "याला कधी उद्या येतो म्हणू देऊ नकोस." बद्रीने तो पेला तळापर्यंत रिकामा केला. ऊन उतरेपर्यंत बद्री एकोणतीस पेले प्यायला आणि अंगणातल्या अक्रोडाखाली बसल्या जागी झोपला. लमाराने त्याच्यावर घोंगडी घातली.

सकाळी तो व्हरांड्यात डोक्याला ओलं फडकं बांधून बसला होता, समोर आतड्यांचा गरम रस्सा. जुंबेरने पाव खाल्ला, डब्यातून गोळी काढली. आज लमारा समोर बसली नव्हती. ती अंगणात पेले धूत होती, पाठ करून.

"दाखवा बघू," बद्री म्हणाला. जुंबेरने गोळी त्याच्या तळहातावर ठेवली. बद्रीने ती उजेडात धरली, उलटी केली, नखाने रेघ चाचपली. "एवढीशी?"

"एवढीशीच."

बद्रीने ती परत दिली. जुंबेरने गिळली.

"गुण यायला किती दिवस लागतात?" बद्रीने विचारलं.

"कोणाला?"

"कोणाला नाही. ओळखीचा एक माणूस आहे. नाक्यावरचाच, निवृत्त झालेला. पहाटे चारला जागा होतो."

जुंबेरने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. सहा आठवडे जगावर रोखलेला संशय आता पहिल्यांदा योग्य माणसावर पडला होता. "तो माणूस उठल्यावर काय म्हणतो?"

बद्री रश्श्यात चमचा फिरवत राहिला. "म्हणतो, उगाच उजाडलं."

"चार ते सहा आठवडे," जुंबेर म्हणाला. "मधेच सोडायचं नाही. गुरुवारी माझ्या गाडीत जागा आहे. घरी सांगा, गुडघे दाखवायचेत."

बद्रीने चमचा खाली ठेवला, वाकला आणि उजवा गुडघा चोळून पाहिला.